दोर सोडण्याआधी

प्रस्तरारोहण : शंका-समाधान

दोर, हार्नेस किंवा कसलेही संरक्षण न घेता शेकडो फुटांचे कडे चढण्याच्या ‘फ्री सोलो’ प्रकाराविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतल्या निवडक शंकांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे सदराच्या प्रथेप्रमाणे दिलेली नाहीत.

शंका : मी निवृत्त शिक्षक आहे. नातवाने ‘फ्री सोलो’ हा माहितीपट दाखवला. तीन हजार फुटांचा कडा माणूस नुसत्या हातापायांनी चढतो, हे डोळ्यांना दिसले तरी मनाला पटत नाही. यात चित्रीकरणाची काही करामत आहे का? (सांगली)

समाधान : करामत अजिबात नाही. ३ जून २०१७ रोजी कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोऱ्यात अ‍ॅलेक्स होनॉल्ड या आरोहकाने ‘एल कॅपिटन’ या कड्याच्या पायथ्यापासून चढायला सुरुवात केली आणि ३ तास ५६ मिनिटांनी तो माथ्यावर पोहोचला. मध्ये सुमारे ३,००० फुटांची ग्रॅनाइटची भिंत. चढाईचे साहित्य म्हणाल तर पायांत रबरी तळव्यांचे घट्ट बूट आणि कमरेला खडूच्या भुकटीची पिशवी, एवढेच.

ही वेळ किती थोडी आहे, हे कळायला मागचा इतिहास पाहावा लागतो. वॉरेन हार्डिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये ‘नोज’ या मार्गाने एल कॅपिटन पहिल्यांदा सर केला. खिळे ठोकत आणि दोर लावत त्यांना एकूण ४७ दिवस कड्यावर काढावे लागले, तेही सुमारे दीड वर्षात विभागून. होनॉल्डने निवडलेला ‘फ्रीरायडर’ हा मार्ग १९९८ मध्ये जर्मनीच्या ह्यूबर बंधूंनी केला. आजही कसलेले आरोहक दोर लावून तो चढतात तेव्हा बहुधा तीन-चार दिवस घेतात आणि रात्री कड्यावरच मुक्काम करतात.

मग होनॉल्डला हे कसे जमले? आपल्याला नवल वाटेल, पण दोरामुळेच जमले. ही चढाई करण्याचा विचार त्याच्या मनात कित्येक वर्षे होता. दर हंगामात तो कड्याखाली यायचा, वर पाहायचा आणि अजून वेळ आलेली नाही असे ठरवून दुसरी चढाई हाती घ्यायचा. पुढे त्याने दोर लावून त्या मार्गाचा कसून सराव केला. अवघड टप्पे तो माथ्यावरून दोराने खाली उतरून पुन्हा पुन्हा करून पाही. कोणत्या पकडीवर कोणते बोट ठेवायचे आणि पाय नेमका कुठे टेकवायचा, हे त्याने तोंडपाठ केले. वाटेतले सुटे दगड आधीच काढून टाकले.

यातला एकच टप्पा जवळून पाहू. पायथ्यापासून सुमारे २,००० फुटांवर ‘बोल्डर प्रॉब्लेम’ नावाची जागा आहे. तिथे हाताला मिळणारी एक कड पेन्सिलीच्या जाडीपेक्षाही अरुंद आणि खालच्या बाजूला तोंड असलेली आहे. तिच्यावर अंगठा खालून वर दाबून धरायचा, त्या दाबावर शरीर तोलायचे आणि शेवटी डावा पाय लाथ मारल्यासारखा पलीकडच्या कोपऱ्यातल्या भिंतीवर फेकायचा. पाय तिथवर सहज पोहोचावा म्हणून होनॉल्डने वर्षभर रोज रात्री ताणाचे व्यायाम केले. माहितीपटात त्या एका हालचालीला काही क्षण लागतात. तिच्यामागची मेहनत मात्र अशी आहे.

दिग्दर्शक एलिझाबेथ चाय वासरहेली आणि जिमी चिन यांनी केलेला हा माहितीपट २०१८ मध्ये आला आणि २०१९ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले. चित्रीकरण करणारे स्वतः उत्तम आरोहक होते आणि ते दोरांवर लटकून काम करत होते. बोल्डर प्रॉब्लेमजवळ माणूस नको म्हणून तिथे दुरून चालवता येणारे कॅमेरे लावले होते. जवळ कोणी उभे आहे एवढ्यानेही चढणाऱ्याचे लक्ष विचलित होऊ शकते, याची त्या सर्वांना जाणीव होती.

शंका : अशा माणसांना भीतीच वाटत नाही का? होनॉल्डच्या मेंदूत काही वेगळे आहे, असे वाचले. मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे. (पुणे)

समाधान : तुम्ही वाचलेला प्रयोग खरा आहे. जेन जोसेफ या अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ महिलेने होनॉल्डच्या मेंदूची एफएमआरआय तपासणी केली आणि तिची हकिगत २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. मन अस्वस्थ करणारी चित्रे दाखवली की बहुतेकांच्या मेंदूतला अमिग्डाला हा भाग जागा होतो. होनॉल्डच्या बाबतीत त्यात जवळजवळ काहीच हालचाल दिसली नाही. तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या आरोहकाच्या मेंदूत मात्र ती दिसली.

हा निष्कर्ष सांभाळून वाचायला हवा. ही एका माणसाची तपासणी आहे आणि बंद खोलीत पडद्यावर पाहिलेली चित्रे म्हणजे कडा नव्हे. शिवाय त्या तपासणीपूर्वी होनॉल्डची कित्येक वर्षे कड्यांवर गेली होती. त्याची ही ठेवण उपजत की सरावाने घडलेली, हे अशा एका चाचणीतून ठरत नाही.

त्याच्या वागण्यातून मात्र बरेच कळते. २०१६ च्या शरद ऋतूत त्याने एल कॅपिटनवर पहिला प्रयत्न केला. खालच्या भागात गुळगुळीत उतरता कातळ आहे. तिथे हाताला धरायला फारसे काही मिळत नाही, सगळा भार बुटाच्या तळव्यावर. त्या जागी त्याचा पायावर भरवसा बसेना. समोर चित्रीकरणाचा ताफा, मागे वर्षाची तयारी, तरीही तो माघारी फिरला. ज्याला भीतीची सूचनाच मिळत नाही, तो माघारी फिरणार नाही.

त्याआधीचा एक प्रसंग याहून बोलका आहे. २००८ मध्ये त्याने योसेमिटीतलाच ‘हाफ डोम’ विनादोर चढला, तोही पुरेसा सराव न करता. माथा अगदी जवळ असताना तो एका निसटत्या कातळावर अडकला. पुढचे पाऊल टाकवेना आणि मागे येववेना. शेवटी ते पाऊल टाकले आणि तो वाचला. जगाने त्या चढाईला डोक्यावर घेतले. तो स्वतः मात्र नाखूश होता, कारण तिथे कौशल्याने नव्हे तर नशिबाने साथ दिली हे त्याला कळत होते. एल कॅपिटनच्या वेळची प्रदीर्घ तयारी त्या असमाधानातून आली आहे.

कड्यावर भीती शरीरात कशी उतरते, हे प्रशिक्षक म्हणून मी नेहमी पाहतो. घाबरलेला माणूस गरजेच्या दुप्पट जोराने पकड आवळतो. श्वास रोखतो. पोट कातळाला चिकटवतो, त्यामुळे पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही. मग पोटऱ्या थरथरू लागतात आणि चांगली पकड हातात असूनही तो सुटतो. यावर उपाय एकच : सोपी चढाई, वर दोर, आणि आपण पडलो तरी लागत नाही हा अनुभव शरीराला पुन्हा पुन्हा देणे.

शंका : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माणूस उभ्या कातळाला धरून राहतो कसा आणि दोर असला तर पडणाऱ्याला वाचवतो कसा, यामागचे शास्त्र समजावून सांगाल का? (छत्रपती संभाजीनगर)

समाधान : तुझ्या शंकेचे दोन भाग करतो.

कातळावर माणूस हातांनी लटकतो असे खालून पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात जाणता आरोहक शक्य तितका भार पायांवर ठेवतो. बुटाचा तळ मऊ आणि चिकट रबराचा असतो. तो खडबडीत कातळावर दाबला की घर्षण वाढते, म्हणून टाच किंचित खाली सोडून तळव्याचा जास्तीत जास्त भाग टेकवायचा. घाम आला की पकड निसटते, त्यासाठी मॅग्नेशियम कार्बोनेटची भुकटी. जिम्नॅस्टिक्समधली ही भुकटी जॉन गिल या अमेरिकी आरोहकाने १९५० च्या दशकात कातळावर आणली.

ग्रॅनाइटच्या कड्यांवर उभ्या फटी मिळतात. हाताच्या रुंदीची फट असेल तर पंजा उभा आत सरकवायचा आणि अंगठा तळव्याकडे दुमडायचा. अंगठ्याच्या बुंध्याचा स्नायू फुगतो आणि पाचर बसावी तसा हात फटीत रुततो. बोटांची ताकद फारशी न वापरता तिथे शरीर तोलता येते. याला ‘हँड जॅम’ म्हणतात. त्वचा सोलवटते म्हणून आरोहक हातांना टेप गुंडाळतात.

खरी मर्यादा असते कोपरापासून मनगटापर्यंतच्या स्नायूंची. पकड जोरात आवळली की त्या स्नायूंमधला रक्तप्रवाह दाबला जातो, हात दगडासारखा टणक होतो आणि बोटे आपोआप उघडू लागतात. म्हणून मिळेल त्या जागी एकेक हात खाली सोडून झटकायचा आणि रक्त पुन्हा खेळू द्यायचे. दोर लावलेला आरोहक अशा वेळी ओरडून दोर ताणून घ्यायला सांगतो आणि विसावतो. विनादोर चढणाऱ्याला विसावा फक्त कातळावरच शोधावा लागतो, म्हणून मार्गातल्या विश्रांतीच्या जागाही त्याला पाठ असाव्या लागतात.

आता पडण्याचे गणित. हवेचा विरोध सोडला तर १० मीटरवरून पडणारा माणूस सुमारे १.४ सेकंदात जमिनीवर येतो आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी ५० किलोमीटर असतो. ३० मीटरवरून अडीच सेकंदांच्या आत आणि ताशी ८७ किलोमीटर वेगाने. या वेगाची सगळी ऊर्जा जमिनीवर एका झटक्यात शरीरात शिरते. त्यामुळे एका मर्यादेनंतर उंची शंभर फूट की तीन हजार, याला काही अर्थ उरत नाही.

दोर हाच झटका लांबवतो. चढाईसाठीचा डायनॅमिक दोर मुद्दाम ताणला जाणारा असतो. पडणाऱ्याचा वेग काही अंतरावर आणि थोड्या अधिक वेळात शून्यावर येतो, त्यामुळे शरीरावरचे बल सोसण्याजोगे राहते. प्रमाणित एकेरी दोराच्या चाचणीत पहिल्या पडण्याला हे बल १२ किलोन्यूटनच्या, म्हणजे साधारण १,२०० किलो वजनाच्या, आत राहावे लागते. प्रत्यक्षातले पडणे बहुधा यापेक्षा बरेच सौम्य असते.

इथे एक धोक्याची सूचना. रॅपलिंगसाठी वापरला जाणारा स्टॅटिक दोर फारसा ताणला जात नाही. त्यावर उतरणे योग्य, पण तो बांधून लीड, म्हणजे सर्वांत पुढे, चढायला जाणे घातक आहे. महाविद्यालयीन गटांनी दोर विकत घेताना तो कोणत्या कामासाठी आहे, हे आधी पाहावे.

शंका : मी नियमित ट्रेकर आहे. योसेमिटीत जे होते ते आपल्या कोकणकड्यावर का होऊ नये? आपल्याकडची मुले काही कमी नाहीत. (ठाणे)

समाधान : मुले कमी नाहीत, हे अगदी खरे. वजीर, बाण, लिंगाणा, तैलबैला, जीवधनचा वानरलिंगी या नावांमागे आपल्या आरोहकांच्या पिढ्यांचे कर्तृत्व उभे आहे. फरक आहे तो दगडाचा.

एल कॅपिटनचा ग्रॅनाइट सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात सावकाश थंड झाला. त्याचे स्फटिक मोठे आणि घट्ट आहेत. पुढे हिमनद्यांनी कमकुवत भाग ओरबाडून नेला आणि मागे एकसंध, कणखर भिंत राहिली. अशा भिंतीवर आज तपासलेली पकड उद्याही तिथेच असण्याची शक्यता खूप मोठी असते. पाठांतराला अर्थ येतो तो यामुळे.

सह्याद्री घडला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांनी. एकावर एक बसलेल्या या थरांत टणक बेसॉल्टच्या शेजारीच सच्छिद्र, भुसभुशीत दगड असतो. दोन थरांमध्ये कुठेकुठे तांबड्या मातकट दगडाचा पट्टा लागतो. दर पावसाळ्यात पाणी भेगांमध्ये शिरते, दगड सुटतात आणि कड्याच्या टप्प्यांवर मुरूम साचून गवत वाढते. मागच्या हंगामात भक्कम वाटलेली पकड पुढच्या हंगामात हातात येते. आपल्याकडे प्रत्येक मोठ्या पकडीवर भार देण्यापूर्वी ती मुठीने ठोकून पाहायची शिस्त आहे. टणक आवाज आला तर वापरायची, भद्द आणि पोकळ आवाज आला तर सोडून द्यायची. ठोकून पाहिल्यावरही दगड दगा देतो. दोरावरच्या माणसाचे तेव्हा खरचटण्यावर निभावते.

कोकणकड्याची अडचण याहून मोठी आहे. तो मधोमध आत वळलेला, म्हणजे अंतर्वक्र आहे आणि काही भाग डोक्यावर आलेला आहे. त्यात कड्यांना लटकलेली आग्या मोहोळे. मधमाश्या उठल्या तर चढणाऱ्याला दोन्ही हात सोडून तोंड झाकावेसे वाटते. दोरावर असलेल्याला तेवढी तरी मुभा आहे.

म्हणून सह्याद्रीतल्या मोठ्या कड्यावर विनादोर चढाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कौशल्य कितीही असले तरी दगड कधी निखळेल, हे चढणाऱ्याच्या हातात नाही. होनॉल्डने हाफ डोमनंतर जे नशिबावर सोडायचे नाही असे ठरवले, नेमके तेच इथे नशिबावर राहते.

शंका : हिरकणी रायगडाचा कडा उतरली तेव्हा तिच्याकडे कुठला दोर होता? आमच्या भागातली गुराखी मुले आजही कड्यांवर अनवाणी ये-जा करतात. मग शहरातून आलेल्यांनाच एवढे साहित्य का लागते? (महाड)

समाधान : आपला प्रश्न रास्त आहे आणि त्यामागचा अभिमानही.

गडाचे दरवाजे बंद झाल्यावर घरी राहिलेल्या तान्ह्या बाळाच्या ओढीने हिरकणी कडा उतरली, ही कथा रायगडाच्या परिसरात पिढ्यानपिढ्या सांगितली जाते आणि त्या जागी हिरकणी बुरूज आहे. कथेतली एक गोष्ट आरोहकाच्या नजरेने पाहण्यासारखी आहे. ती कडा चढली नाही, उतरली. उतरणे चढण्यापेक्षा अवघड असते. चढताना पकड डोळ्यांसमोर असते, उतरताना पायाखालचे दिसत नाही आणि पाय चाचपत टेकवावा लागतो.

युरोपात हाच विचार पॉल प्रॉइस या ऑस्ट्रियन आरोहकाने नियम म्हणून मांडला. १९११ च्या सुमारास तिकडे खिळे आणि दोर किती वापरावेत यावर मोठा वाद पेटला होता. प्रॉइसचे म्हणणे असे, की जे आपण विनादोर उतरू शकतो तेवढेच चढावे. म्हणजे आरोहकाची पात्रता त्या जागेच्या अवघडपणाहून वरचढ असली पाहिजे. विनादोर चढणाऱ्यांच्या परंपरेतला हा सर्वांत शहाणा विचार आहे, असे मला वाटते, कारण तो माघारीची वाट उघडी ठेवतो. पण हेही सांगितले पाहिजे की असे मानणारा आणि त्या काळातला अग्रगण्य आरोहक असलेला प्रॉइस १९१३ मध्ये गोसाऊकाम डोंगररांगेत एकट्याने चढताना पडून गेला. वय अवघे २७.

आता आपल्याकडच्या गुराख्यांविषयी. त्यांची नजर, पायांची पकड आणि तोल पाहून मी नेहमी शिकतो. पण ते जे करतात त्याचा आवाका समजून घ्यावा. ते ठरावीक वाटांनी जातात. लहानपणापासून तीच वाट, तोच दगड, कोणत्या महिन्यात कुठे शेवाळ धरते ते ठाऊक. ओल असेल तर जात नाहीत. अनोळखी कड्यावर ते उगाच चढत नाहीत. होनॉल्डने ज्या सखोल ओळखीसाठी वर्षे घातली, तशी त्या एका वाटेची ओळख त्यांना जगण्यातून मिळालेली असते. कर्नाटकात चित्रदुर्गच्या किल्ल्याच्या भिंती विनादोर चढणारा ज्योतिराज लोकांना माहीत आहे. त्याचेही सामर्थ्य त्या किल्ल्याच्या दगडांशी असलेल्या रोजच्या परिचयात आहे.

शहरातून पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्याकडे ही ओळख नसते. म्हणून त्याला दोर लागतो. आणि जाता जाता एक विनंती : अशा पाहुण्यांनी आग्रह केला तरी तुमच्या मुलांनी त्यांना अवघड वाटेने नेऊ नये. त्या वाटेवर तुमचा मुलगा सुखरूप असतो, पाहुणा नसतो.

शंका : या प्रकारात स्त्रिया आहेत का? मी अकरावीत आहे आणि चढाई शिकते आहे. (चिपळूण)

समाधान : आहेत, आणि पहिल्या फळीत आहेत. फ्रान्सच्या कॅथरीन देस्तिवेलने १९८० च्या दशकात आफ्रिकेतल्या माली देशात वालुकाश्माचे कडे विनादोर चढले आणि त्या चढाईचा चित्रपटही झाला. १९९२ मध्ये तिने आल्प्समधील आयगर पर्वताची उत्तर भिंत एकटीने, ऐन हिवाळ्यात, एका दिवसात चढली. अमेरिकेच्या स्टेफ डेव्हिसने कोलोरॅडोतील लाँग्ज पीकची ‘डायमंड’ ही भिंत विनादोर चढली आहे.

तुझ्यासाठी मी तिसरे नाव सुचवेन, लिन हिल. एल कॅपिटनचा नोज मार्ग फक्त हातापायांच्या बळावर, दोर केवळ पडण्यापासून वाचण्यासाठी ठेवून, कोणालाच जमला नव्हता. १९९३ मध्ये तो पहिल्यांदा जमला तो तिला आणि पुढच्याच वर्षी तिने तोच मार्ग २४ तासांच्या आत पुन्हा केला. स्त्री असो वा पुरुष, तोवर कोणीही हे केले नव्हते. दोर असल्याने तिचा पराक्रम तसूभरही कमी होत नाही. पडण्याची मुभा होती म्हणून ती आपल्या क्षमतेच्या अगदी टोकापर्यंत जाऊ शकली. तूही अभ्यासासाठी तिचीच चढाई घे.

शंका : अशा चढाया दाखवणारे, त्यांना पैसा पुरवणारे आणि आपण पाहणारे, सगळेच थोडे दोषी नाही का? (कोल्हापूर)

समाधान : हा प्रश्न त्या क्षेत्रातल्या लोकांनाही पडला आहे. २०१४ मध्ये क्लिफ बार या अमेरिकी खाद्य कंपनीने होनॉल्डसह पाच आरोहकांचे प्रायोजकत्व काढून घेतले, कारण अशा जोखमीशी नाव जोडलेले राहणे तिला पटेना. होनॉल्डने त्यावर लेख लिहून कंपनीची भूमिका समजू शकते असे म्हटले आणि आपण किती जोखीम घ्यायची ते आपणच ठरवू, हेही सांगितले.

माझे मत सांगतो. जाणत्या, प्रौढ माणसाने स्वतःच्या निर्णयाने अशी चढाई करावी की नाही, हे मी ठरवणार नाही. पण दाखवणाऱ्यावर एक जबाबदारी येते : चढाईबरोबर तयारीही दाखवायची. ‘फ्री सोलो’मध्ये माघार, दुखापत, सराव, घरच्यांची घालमेल हे सारे आहे, म्हणून तो माहितीपट मी विद्यार्थ्यांना दाखवतो. अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये यातले काहीच नसते. तिथे फक्त उंची दिसते आणि वर संगीत वाजते. पाहणाऱ्या मुलाला वाटते, धाडस केले की झाले. असे रील पुढे पाठवू नका, एवढे आपण सगळेच करू शकतो.

शंका : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. हरिहर आणि कलावंतीण करून आला. आता ‘मी फ्री सोलो करणार’ म्हणतो. रागावले तर बोलणेच बंद करतो. काय करू? (नाशिक)

समाधान : ताई, तुमची काळजी सकारण आहे. आधी मुलाच्या मनातला गैरसमज दूर करायला हवा. हरिहरच्या पायऱ्या कोणीतरी कोरून ठेवल्या आहेत आणि हाताला खोबणी आहेत. त्या उभ्या आहेत, गर्दीत आणि पावसात धोक्याच्याही आहेत, पण त्या पायऱ्या आहेत. त्यावरून प्रस्तरारोहण येते असे ठरत नाही.

त्याला ही नावे सांगा. जॉन बाकर विनादोर चढाईतला त्याच्या काळचा सर्वांत मोठा आरोहक. दिवसभर आपल्यामागे विनादोर चढून दाखवणाऱ्याला त्याने १९८१ मध्ये १०,००० डॉलर देऊ केले, कोणी पुढे आले नाही. २००९ मध्ये घराजवळच्या ओळखीच्या कड्यावर विनादोर चढताना पडून तो गेला. डेरेक हर्सी १९९३ मध्ये योसेमिटीत असाच गेला. हे दोघेही आयुष्यभर कातळावर वावरलेले होते. आणखी एक नाव ब्रॅड गोब्राइटचे. विनादोर चढायांसाठी प्रसिद्ध असलेला हा आरोहक २०१९ मध्ये मेक्सिकोत गेला तो दोरावरून खाली उतरताना, कारण दोराच्या टोकांना गाठी मारलेल्या नव्हत्या. साहित्य हाताशी असले तरी शिस्त लागतेच, हे मुलाला यातून कळेल.

एवढे सांगून मात्र थांबू नका. नुसता मज्जाव केलात तर तो चोरून जाईल. त्याला खरी चढाई द्या. पुण्या-मुंबईत आणि इतर काही शहरांत कृत्रिम भिंती आहेत. दोर न लावता चढण्याचीच हौस असेल तर बोल्डरिंग हा प्रकार आहे : चार-साडेचार मीटरपर्यंतची भिंत, खाली जाड गाद्या, आणि जगातल्या अवघडातल्या अवघड हालचाली. ही स्पर्धा ऑलिंपिकमध्येही आहे. ईर्ष्या, नाव, मित्रांचे कौतुक, त्याला हवे ते सारे तिथे मिळेल आणि पडला तर उठून पुन्हा चढता येईल.

पुढची पायरी म्हणजे एखाद्या जुन्या, अनुभवी गिर्यारोहण संस्थेचे प्राथमिक प्रस्तरारोहण शिबिर. प्रवेश घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. प्रशिक्षकांनी स्वतः कुठे प्रशिक्षण घेतले? दोर आणि हार्नेस किती जुने आहेत आणि त्यांची नोंद ठेवली जाते का? अपघात झाला तर सुटका कोण आणि कशी करणार? उत्तर द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे मुलाला पाठवू नका. गोडी टिकली तर उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा दार्जिलिंगची हिमालयन गिर्यारोहण संस्था इथे रीतसर अभ्यासक्रम आहेत.

आणि जमेल तेव्हा त्याची गाठ बचावकार्य करणाऱ्यांशी घालून द्या. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारखे गट अपरात्री, पावसात कड्यांवरून माणसे खाली आणतात. त्यांच्याकडून दोन तास ऐकलेले कुठल्याही उपदेशापेक्षा खोल जाते. पहिल्याच महिन्यात त्याला ‘बिले’ द्यायला, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळायला, शिकू द्या. दुसऱ्याचा जीव आपल्या हातातल्या दोरावर आहे, हे एकदा अनुभवले की दोर भित्र्यांसाठी असतो हा समज त्याचा तोच सोडून देईल. त्यानंतर त्याने कितीही अवघड कडा निवडला तरी तुम्ही त्याला आनंदाने जाऊ द्या.